बिनदस्तकाचं जहाज

१ जून ते ३१ जुलै आमचा दर्या बंद. मिरकरवाडा बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात, लहान होड्या वर ओढून ताडपत्रीखाली निजवलेल्या असतात, आणि एरवीचा लिलावाचा गलका जाळी सांधणाऱ्यांच्या गप्पांपुरता उरतो. घरोघरी सुकट, कुळथाचं पिठलं आणि आठळ्यांची भाजी. गेल्या आषाढात अशातच माझी पुण्याची भाची आजोळी येऊन अडकली. बारावी झाली होती, इंजिनीअरिंगच्या याद्या लागायच्या होत्या, आणि पाऊस असा लागला होता की अंगणातल्या विहिरीपर्यंत जायचं म्हटलं तरी विचार करावा. चार दिवसांत तिचं बघण्यासारखं सगळं बघून संपलं.

“मामा, काहीतरी सुचव. वन पीस जिथवर आलंय तिथवर झालंय बघून. चाच्यांचंच दुसरं काही आहे?”

रत्नदुर्गापासून हाकेच्या अंतरावर बसून चाच्यांचं काही आहे का विचारायचं, म्हणजे हापूसच्या बागेत उभं राहून आंबा कुठे मिळेल विचारण्यासारखंच. पण तिला जपानी चाचे हवे होते. मी म्हटलं, “तुझ्या वन पीसच्या आजोबांना भेटवतो. त्याचं जहाज आकाशात चालतं.”

आमच्या पिढीला जपानी कार्टून भेटलं तेच मुळी वेषांतर करून. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. जंगल आपलं, बोलणं हिंदी, शीर्षकगीत गुलजारांचं. हे सगळं निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या जपानी कंपनीत काढलेलं आहे, हे कळेपर्यंत माझी दहावी उलटून गेली होती. कॅप्टन हार्लॉक भेटला तो त्याच्याही पुष्कळ नंतर, मुंबईत नोकरीच्या पहिल्या वर्षात, खोलीतल्या मित्राच्या हार्ड डिस्कमध्ये. चित्र धूसर, इंग्रजी अक्षरं अर्धी बाहेर गेलेली. रात्री दोनला मी उठून बसलो होतो, कारण त्या अंतराळजहाजाचा मागचा भाग जुन्या शिडाच्या गलबतासारखा होता. खिडक्या, कठडा, कोरीव काम, वर फडफडणारा कवटीचा झेंडा. अवकाशात वारा नसतो, झेंडा फडफडणार कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. गणपतीच्या देखाव्यात शेषनाग श्वास कसा घेतो, असं आपण कुठे विचारतो?

हार्लॉकची मालिका १९७८ च्या मार्चमध्ये सुरू झाली. भाग ४२, दिग्दर्शक रिंतारो, मूळ चित्रकथा लेइजी मात्सुमोतो यांची. साल दाखवलंय २९७७. पृथ्वीवर सगळं काम यंत्रं करतात, माणसं पडद्यांसमोर सुस्तावलेली आहेत, पंतप्रधानांचा जीव गोल्फमध्ये. आकाशातून संकट येतंय असं एक खगोलशास्त्रज्ञ ओरडून सांगतो, त्याचं कुणी ऐकत नाही, आणि तो मारला जातो. संकट म्हणजे माझोन. दिसायला बायका, मुळात वनस्पतीच्या जातीच्या. मेल्या की कागदासारख्या जळून जातात. त्यांच्याशी लढायला उभा राहतो एकच माणूस, आणि तो सरकारदरबारी गुन्हेगार आहे. एक डोळा झाकलेला, गालावर व्रण, अंगावर काळा झगा. त्याच्या आर्केडिया जहाजावर चाळीस माणसं. शिस्त नावालाच. मुख्य साहाय्यक यात्तारान तर ऐन गडबडीत प्लास्टिकची छोटी विमानं जोडत बसलेला असतो. पण वेळ आली की प्रत्येक जण आपल्या जागेवर, कारण तिथे जबरदस्तीनं आणलेला कुणीच नाही.

पहिला भाग संपला तेव्हा वीज गेली. लॅपटॉपच्या उजेडात भाचीनं विचारलं, “म्हणजे हा चाचा आहे की चांगला आहे?”

पडवीत आमचे शेजारी तांडेलकाका बसले होते. चाळीसेक वर्षं दर्यावर काढलेला माणूस. आता बोट मुलगा बघतो, तरी नाखव्याची नजर गेलेली नाही. संध्याकाळच्या चहाला आले, पावसानं अडकले आणि आमच्याबरोबर पडद्याकडे बघत राहिले. भाषा कळत नव्हती, पण जहाज कळत होतं. आर्केडियाचं सुकाणू चांगलं पुरुषभर उंचीचं, लाकडी, आऱ्यांचं चाक आहे. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत हार्लॉक ते दोन्ही हातांनी धरून उभा राहतो. काका म्हणाले, “चाक लाकडाचं ठेवलान. बरं केलान. हाताला कळायला हवं, बोट काय म्हणते ती.”

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे सोपं नव्हतं, कारण तो प्रश्न आमच्या किनाऱ्याला तीनशे वर्षं विचारला जातोय.

अठराव्या शतकात या पाण्यातून माल न्यायचा तर कागद लागे. पोर्तुगीज आपल्या कागदाला कर्ताझ म्हणत, इंग्रज पास म्हणत, कान्होजी आंग्र्यांचा तो दस्तक. मजकूर जवळजवळ एकच: या जहाजाला जाऊ द्यावं, याची फी भरलेली आहे. कागद नसेल तर जहाज धरायचं, माल उतरवायचा. पोर्तुगीजांनी हे केलं तेव्हा तो समुद्रावरचा हक्क झाला. मराठ्यांच्या सरखेलानं, म्हणजे कान्होजींनी, केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या वहीत शब्द लिहिला, पायरेट. त्यांचं म्हणणं, आम्हाला कुणाच्या दस्तकाची गरज नाही. कान्होजींचं म्हणणं, किल्ले माझे, बंदरं माझी, मग पाणी कुणाचं?

भांडण कागदाचं होतं, पण रक्त खरं सांडत होतं. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नरची नौका आंग्र्यांच्या माणसांनी धरली. तिच्यावरचा कारवारच्या वखारीचा प्रमुख लढाईत मेला, त्याची तरुण बायको कैदेत पडली, आणि तिच्या सुटकेचे तीस हजार रुपये मोजून घेतले गेले. हे मी भाचीला सांगितलं. आपल्या माणसाची गोष्ट सांगताना तेवढाच भाग गाळून सांगायची सवय आपल्याला असते, आणि मग समोरचा तेवढाच भाग काढून दाखवतो. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाबा किल्ल्यावर चालून आले. तरी कुलाबा पडला नाही. १७२९ साली कान्होजी गेले तेव्हा समुद्रावर त्यांना हरवल्याचं कुणालाही सांगता येत नव्हतं.

हरवणं पुढं झालं. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सनं हर्णैच्या सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या, किल्ला पडला. जेम्स मायदेशी परतला, श्रीमंत झाला, वारला. त्याच्या बायकोनं १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक तीनकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. मोठ्यानं दोनदा म्हणून बघितलं की त्यातून सुवर्णदुर्ग ऐकू येतो. दापोलीकडचा एक किल्ला आपलं नाव मोडून लंडनच्या टेकडीवर उभा आहे. २००७ साली आलेल्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या तिसऱ्या चित्रपटात जगभरच्या चाच्यांचे नऊ सरदार जमतात, त्यातल्या हिंदी महासागराच्या सरदाराचं नाव आहे सुंभाजी आंग्रिया. कान्होजींचा मुलगा संभाजी असा हॉलिवुडला जाऊन पोचला. इकडे मुंबईत नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे. एकच घराणं, दोन वह्या.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे हार्लॉक म्हणजे कान्होजी.”

मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. त्या रात्री मी मान डोलावली.

वीज आली, पाऊस राहिला, आणि आठवडाभर आमचं घर म्हणजे जपानी चाच्यांचं बंदर झालं. कुणाला या वाटेनं जायचं असेल तर ज्या क्रमानं आम्ही गेलो तोच सुचवीन.

आधी हार्लॉकचे पहिले आठ-दहा भाग. मग मध्येच थांबून १९७९ चा गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९ हा चित्रपट. तोही मात्सुमोतोंचा, दिग्दर्शकही तेच रिंतारो. तेत्सुरो नावाचा गरीब मुलगा, काळ्या कपड्यांतली मेतेल नावाची गूढ बाई आणि ताऱ्यांमधून धावणारी, दिसायला कोळशाच्या इंजिनाची आगगाडी. तेत्सुरोकडे गाडीचा पास आहे. तो पास हीच त्याची सगळी इस्टेट. बिनकागदाच्या हार्लॉकच्या शेजारी हा पास जपणारा मुलगा ठेवून बघावा. दोघांची गाठही पडते. आणि क्वीन एमेराल्डास येते, चेहऱ्यावर व्रण असलेली, एकटीनं जहाज हाकणारी. तिला बघून भाचीनं हार्लॉकला दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. रात्री कोकण रेल्वेची शिट्टी ऐकू आली की ती म्हणायची, “९९९ गेली.”

मग कोब्रा. बुइची तेरासावा यांची ही चित्रकथाही १९७८ चीच. टीव्हीवर आली १९८२ मध्ये, ओसामु देझाकींच्या दिग्दर्शनाखाली, ३१ भागांत. हा आमच्या सभ्य हार्लॉकचा वात्रट चुलतभाऊ. जॉन्सन नावाचा एक कारकून स्वप्नं दाखवणाऱ्या यंत्रात बसतो, आणि आपण पूर्वी कोब्रा नावाचे नामचीन चाचे होतो, चेहरा बदलून आठवणी पुसून घेतल्या होत्या, हे त्याला आठवतं. डाव्या हाताच्या आत बंदूक, तोंडात सिगार. बायकांची चित्रं ज्या नजरेनं काढली आहेत ती मामा-भाचीनं एकत्र बसून बघण्यासारखी नाही, तेव्हा दोन भागांनंतर मी चहा करायला उठलो आणि उरलेलं तिचं तिला बघू दिलं. पण ऑफिसात फाइली हलवणाऱ्या प्रत्येकाला आतून वाटत असतं की आपली खरी आठवण कुणीतरी पुसलेली आहे. ते कोब्रात नेमकं पकडलंय.

शेवटी काउबॉय बीबॉप. १९९८, शिनिचिरो वातानाबे, २६ भाग, योको कान्नोंचं जॅझ. यातले नायक कायद्याच्या कडेला राहणारे, गुन्हेगार पकडून बक्षिसाच्या पैशांवर जगणारे. त्यांचं बीबॉप हे जहाज मुळात मासेमारीची ट्रॉलर आहे, डागडुजी करून वापरात आणलेली. हे कळल्यावर तांडेलकाकांनी खुर्ची पुढे ओढली. पहिल्याच भागात जेवणात सिमला मिरची आणि मांसाची भाजी आहे, फक्त तिच्यात मांस नाही, कारण पैसे नाहीत. “आमचा आषाढ,” काका म्हणाले.

या सगळ्यांचा मूळपुरुष शोधायला गेलं तर वाट आपल्याच घरात येते. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो, पाणबुडी घेऊन सगळ्या सरकारांना पाठ दाखवणारा, पुढच्या एका कादंबरीत बुंदेलखंडाचा राजपुत्र निघतो, १८५७ च्या उठावात सगळं गमावलेला. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हा आमच्या वाचनालयातल्या पोरांना तो अगदी परका वाटला नाही, त्याचं हे एक कारण असेल. जपान्यांनाही तो परका वाटला नाही. १९९० मध्ये हिदेआकी आन्नो यांनी नादिया ही मालिका केली, तिच्यातही नेमो आहे. हरलेल्यांचे नायक असे एकमेकांकडे येत-जात असतात.

कारण मात्सुमोतो हेही हरलेल्या देशाचं मूल. जन्म १९३८ चा. वडील लष्करात वैमानिक. युद्ध संपलं तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. पुढे देशात पुन्हा हवाई दल उभं राहिलं, जुन्या वैमानिकांना बोलावणं आलं, पण वडील गेले नाहीत. हातगाडीवर माल विकून घर चालवलं. १९८२ चा आर्केडिया ऑफ माय यूथ हा चित्रपट बघताना हे माहीत असावं. पृथ्वी हरली आहे, परक्यांचं राज्य आलं आहे, आणि त्यांच्या हाताखाली कारभार करायला पृथ्वीचीच माणसं तयार आहेत. हार्लॉक लढाईतून परत येतो तो विमानतळावर पराभूत म्हणून. त्याचा एक डोळा जातो तो याच चित्रपटात. चाचा तो हौसेनं होत नाही. त्याच्या देशाचं सरकार आता ज्याला कायदा म्हणतं, त्या कायद्यात त्याला जागा उरत नाही.

हे बघताना मला आमचा विजयदुर्ग आठवत राहिला. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रावरून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून. तुळाजी आंग्रे कुणाचंच ऐकत नव्हते, पेशव्यांचंही नाही. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. पण खाडीत उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार, गुराबा आणि गलबतं, जळून गेलं, आणि ते मराठ्यांचंही आरमार होतं. किल्ल्यात सापडलेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतले. ही लूट कुठल्या वहीत चाचेगिरी म्हणून लिहिलेली नाही. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले. आपल्याच सरकारनं बंडखोर ठरवलेला माणूस आणि त्यात सरकारचंही थोडं खरं असणं, हा गुंता मात्सुमोतोंच्या पृथ्वीवर नाही. तिथले पंतप्रधान नुसते मूर्ख आहेत. आपल्याला एवढं सोपं नाही.

जुलैच्या शेवटी पावसानं उघडीप दिली आणि मी भाचीला घेऊन बंदरावर गेलो. बोटींना रंग चालला होता. तेलाचा, डांबराचा आणि नव्या रंगाचा वास एकमेकांत मिसळला होता. काकांच्या बोटीच्या नाळेवर त्यांच्या आईचं नाव ताजं पिवळं झालं होतं, खाली नोंदणी क्रमांक. भाचीनं त्या नावावरून बोट फिरवलं, रंग लागला. आर्केडियाच्या मुख्य संगणकात हार्लॉकच्या मेलेल्या मित्राचा, ते जहाज बांधणाऱ्या तोचिरोचा, जीव आहे. हार्लॉक एकटा असला की त्या यंत्राशी बोलतो. तिनं ते काकांना सांगितलं. काकांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. नारळी पौर्णिमेला ते बोटीला हळदकुंकू लावून काय पुटपुटतात, ते मीही कधी विचारलेलं नाही.

मग त्यांनी केबिनमधून प्लास्टिकची जाड पिशवी काढली. मुलानं कागद नीट लावलेत का बघायचं होतं. एकेक कागद ते फळीवर मांडत गेले: बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा, डिझेलच्या कोट्याचे कागद, खलाशांची ओळखपत्रं. एका कोपऱ्याला पाणी लागून शिक्का पसरला होता, तो उन्हाला धरून त्यांनी निरखला.

“एवढे?” भाची म्हणाली. “हार्लॉककडे एकपण कागद नाहीये काका. कुणाला विचारायला लागत नाही त्याला.”

काकांनी शिक्का पुसला. “म्हणून तर त्याला त्या पोरीस बघायला चोरून यायला लागतंय.”

ती पोरगी म्हणजे मायू. तोचिरोची मुलगी, पृथ्वीवर एकटी वाढणारी, ओकारिना वाजवणारी. मित्राला दिलेल्या शब्दासाठी हार्लॉक तिला भेटायला येतो आणि सरकार दर वेळी तिलाच आमिष करून सापळा लावतं. भाषा न कळता काकांनी सगळ्या मालिकेतून एवढंच उचललं होतं.

कान्होजी आणि हार्लॉक एक, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, ते तिथे फळीवर मांडलेल्या कागदांपाशी सुटलं. हार्लॉककडे दस्तक नाही. तो कुणाचा घेत नाही, कुणाला देतही नाही. अवकाशात लपवलेलं एक बेट त्याच्याकडे आहे, पण लपवलेल्या जागेला बंदर म्हणत नाहीत. बंदरात जहाज उजेडी येतं, माल उतरवतं, पोरांना भेटतं. कान्होजींकडे सुवर्णदुर्ग होता, जयगड होता, विजयदुर्ग होता. ते दस्तक देत होते. त्यांची सगळी लढाई कागद फाडायची नव्हती, कागदावर शिक्का कुणाचा याची होती. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं, कारण शिक्का असलेल्या माणसाशी तह करावा लागतो आणि चाच्याशी नाही. आपण लांबून दोघांनाही एकच टाळी देतो. आपल्याला कायदा मोडणारा आवडतो, आणि तो जेवायला कुठे जातो हे आपण बघत नाही. मात्सुमोतोंनी ते बघितलं होतं. म्हणून मायू आहे.

१ ऑगस्टला बोटी सुटल्या. भाचीचं कॉलेज लागलं, ती पुण्याला गेली. हार्लॉकचे शेवटचे भाग राहिले होते, ते तिनं तिकडे बघितले. एका रात्री अकराला तिचा मेसेज आला: मामा, शेवटी त्यानं सगळ्यांना पृथ्वीवर उतरवलं, म्हणाला आता तुम्ही हे नीट करा, आणि स्वतः नाही उतरला, गेला निघून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका चहाला आले तेव्हा मी त्यांना तो मेसेज वाचून दाखवला. त्यांनी बशीतला चहा संपवला. बाहेर मिरकरवाड्याच्या बाजूनं परतणाऱ्या बोटींची इंजिनं ऐकू येत होती.

“डिझेल किती होतं त्याच्याकडं?” त्यांनी विचारलं.